दीड कोटी लोक खेळून गेले, तरी लॉबी रिकामी का राहिली?

प्रश्न थोडक्यात असा आहे : यूबीसॉफ्टचा 'एक्सडिफायंट' हा शूटर (बंदुकीने लढायचा गेम) फुकट होता, बंदुकीवर हात छान बसत होता, सुरुवातीला त्यावर खेळाडूंच्या उड्या पडल्या, मग तो वर्षभरात बंद का पडला? आणि जुने खेळाडू टिकत नाहीत, नवे फिरकत नाहीत, ही अवस्था ऑनलाइन शूटरवर इतक्या वेळा का येते? माझे काम मॅचमेकिंगचे, म्हणजे सामन्यासाठी खेळाडूंच्या जोड्या लावण्याचे, आणि चालू गेमचे सर्व्हर सांभाळण्याचे असल्यामुळे मी उत्तर त्याच बाजूने देणार आहे. गेमची चित्रे, कथा, पात्रांचे पोशाख यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

आधी घटनाक्रम पाहू. एक्सडिफायंटची घोषणा जुलै २०२१ मध्ये झाली. सूत्रे मार्क रुबिन यांच्याकडे होती, आणि त्यांनी पूर्वी इन्फिनिटी वॉर्डमध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'वर काम केलेले असल्याने नवा गेम जुन्या कॉल ऑफ ड्यूटीच्या वळणाचा असेल हे उघड होते. सहा विरुद्ध सहा, झटपट सामने, मेल्यावर लगेच पुन्हा मैदानात. २०२३ मध्ये यायचा तो गेम कन्सोलच्या प्रमाणन तपासणीत अडकला आणि अखेर २१ मे २०२४ रोजी आला. ३ डिसेंबर २०२४ रोजी तो गुंडाळण्याची घोषणा झाली, सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाका येथील स्टुडिओ बंद झाले, सिडनीचा स्टुडिओ धरून २७७ जणांच्या नोकऱ्यांवर गदा आली आणि ३ जून २०२५ रोजी सर्व्हर उतरवले गेले. घोषणेच्या वेळी दिलेला एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो : दीड कोटीहून अधिक लोक हा गेम खेळून गेले होते. म्हणजे 'लोकांना कळलेच नाही' हे कारण अर्धेच खरे आहे. रुबिन यांनी स्वतः पुढे जाहिरात तोकडी पडल्याचे म्हटले आहे आणि ते चूक नाही. पण जे आले ते दीड कोटी होते, आणि ते थांबले नाहीत.

ऑनलाइन शूटरमध्ये खेळाडू हा ग्राहक तर असतोच, पण तोच कच्चा मालही असतो. एकट्याने खेळायचा गेम जगात एकच माणूस खेळत असला तरी त्याला पूर्ण मिळतो. इथे मात्र बाकीचे अकरा जण हजर असल्याशिवाय तुम्ही डाउनलोड केलेल्या गेममध्ये खेळण्यासारखे काहीच नसते. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. प्रवासी कमी झाले की थांबणे वाढते, आणि थांबणे वाढले की बसलेलेही उतरून दुसरी गाडी पकडतात. हे चक्र एकदा फिरू लागले की गेम चांगला आहे की वाईट, हा प्रश्न मागे पडतो.

बाहेरून पाहणाऱ्याला सहसा जाणवत नाही ती गोष्ट म्हणजे हे चक्र किती मोठ्या आकड्यावर सुरू होते. एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, या क्षणी जगभरात ६,००० लोक गेम खेळत आहेत. ऐकायला संख्या बरी वाटते. पण मुंबईतल्या माणसाला ब्राझीलमधल्या माणसाशी खेळवता येत नाही, म्हणून सहा प्रादेशिक सर्व्हर धरले तर प्रत्येकी १,००० उरतात. एक्सडिफायंट पाच मोड, म्हणजे खेळण्याचे पाच प्रकार, घेऊनच बाजारात उतरला होता. तसे पाच मोड धरले तर प्रत्येक मोडमध्ये २०० राहतात. कंट्रोलरवाले आणि माऊसवाले वेगळे केले की १००. आता नवखा, बरा, चांगला आणि अट्टल असे कौशल्याचे अवघे चार थर पाडले, तर एका कप्प्यात २५ माणसे येतात. त्यांतली २४ दोन सामन्यांत गुंतलेली असतात. पंचविसाव्याने 'प्ले' दाबले तर सामना संपेपर्यंत, म्हणजे आठ-दहा मिनिटे, त्याने फिरते चक्र पाहत बसायचे. हे सगळे समसमान वाटणी धरून. प्रत्यक्षात निम्मे लोक एकाच आवडत्या मोडमध्ये असतात, पहाटे चारला त्या प्रदेशात १,००० ऐवजी दीडशेच जागे असतात, आणि एस्कॉर्टसारख्या मोडची रांग तर केव्हाच आटलेली असते. म्हणून सहा हजारांचा गेम चार्टवर जिवंत दिसतो आणि त्याच वेळी अनेकांच्या दृष्टीने तो मेलेला असतो.

रांग लांबली की मॅचमेकर हातावर हात ठेवून बसत नाही. अडचण तिथूनच वाढते. ठरावीक सेकंद उलटले की तो आपल्या अटी सैल करतो. आधी कौशल्याची मर्यादा रुंदावतो, मग पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेची. तीस मिलिसेकंदांच्या सर्व्हरवर जागा नसेल तर दीडशेच्या सर्व्हरवर बसवतो. खेळाडूला हे सांगितले जात नाही. त्याला फक्त आज गेम 'विचित्र' वाटतो. पुण्यातून मुंबईतल्या सर्व्हरवर खेळणे आणि सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणे यांतला फरक हाताला लगेच कळतो, पण तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लोक 'नेटकोड (खेळाडू आणि सर्व्हर यांच्यातला संवाद सांभाळणारा कोड) घाण आहे' एवढेच म्हणतात.

मिलिसेकंदांचा हा मामला जरा जवळून पाहण्यासारखा आहे. गोळी झाडणाऱ्याला समोरचा माणूस जिथे दिसला, तिथे तो खरेच होता का, हे तपासण्यासाठी सर्व्हर काळ थोडा मागे नेतो. झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी जे होते ते ग्राह्य धरतो. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि त्यावाचून हलत्या माणसावर नेम धरणे अशक्य होईल. पण त्याची किंमत मरणारा मोजतो. सेकंदाला पाच मीटर धावणारे पात्र १५० मिलिसेकंदांत पाऊण मीटर सरकते. म्हणजे तुमच्या पडद्यावर तुम्ही भिंतीआड पूर्ण शिरलेले असता, आणि झाडणाऱ्याच्या पडद्यावर तुमचा खांदा अजून बाहेर असतो. तुम्ही भिंतीमागे मरता. असे एका संध्याकाळी चार वेळा झाले की माणूस हरल्याचे विसरेल, पण फसवले गेल्याची भावना विसरणार नाही. एक्सडिफायंटविषयी हीच तक्रार पहिल्या आठवड्यापासून होती, आणि त्यात उड्या मारत लढणाऱ्या पात्रांचा त्रास मिसळला होता. रुबिन यांनी नंतर सांगितले की वापरलेले इंजिन या प्रकारच्या गेमसाठी बनलेलेच नव्हते आणि ते दुरुस्त करण्याएवढे अभियंते त्यांच्याकडे कधीच नव्हते. याउलट रायट या कंपनीने २०२० मध्ये 'व्हॅलोरंट' आणताना सर्वांसाठी सेकंदाला १२८ वेळा स्थिती तपासणारे सर्व्हर आणि पिंग कमी राखणारे स्वतःचे जाळे यांवर आधी पैसा ओतला आणि मगच पात्रांची जाहिरात केली. शूटरमध्ये हा खर्च मागाहून भरून काढता येत नाही, असे माझे मत आहे.

आता ज्यावर सर्वांत जास्त भांडणे होतात त्या विषयाकडे वळू. एक्सडिफायंटचा गाजलेला वायदा असा होता की साध्या मोडमध्ये कौशल्य पाहून जोड्या लावल्या जाणार नाहीत. कॉल ऑफ ड्यूटीतल्या कौशल्याधारित मॅचमेकिंगला कंटाळलेल्या मंडळींनी, विशेषतः त्यातल्या हुशार आणि बोलक्या स्ट्रीमरांनी, या वायद्याचे जंगी स्वागत केले. नवख्यांसाठी एक वेगळी प्लेलिस्ट होती, पण ती २५व्या लेव्हलपर्यंतच. त्यानंतर खुले मैदान. योगायोग असा की गेम बाजारात असतानाच, जुलै २०२४ मध्ये, कॉल ऑफ ड्यूटीची प्रकाशक कंपनी अॅक्टिव्हिजनने स्वतःच्या मॅचमेकिंगवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या काही खेळाडूंसाठी, त्यांना न सांगता, कौशल्याची अट ढिली करून पाहिली होती. वरचा एक पातळ थर सोडला तर बाकी बहुसंख्य खेळाडूंचे परत येण्याचे प्रमाण घटले. हा अहवाल कंपनीने आपल्याच बचावासाठी लिहिला आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. तरी त्याचा निष्कर्ष आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही नवा वाटला नाही.

कारण नवख्याचा पहिला तास आम्ही नोंदींमधून रोज पाहतो. तो मैदानात उतरतो, रस्ता माहीत नाही, कोपऱ्यावरून वळतो आणि मरतो. कुठून गोळी आली ते कळत नाही. पुन्हा उतरतो, या वेळी पाठीमागून मरतो. तिसऱ्या वेळी तो एका जागी दबा धरून बसतो आणि वरच्या खिडकीतून मरतो. सामन्याअखेर फलकावर त्याच्या नावापुढे दोन बळी आणि एकोणीस मरणे दिसतात. अट्टल खेळाडूला तोच सामना आनंदाचा गेलेला असतो, आणि तो बाहेर येऊन म्हणतो की इथे मोकळे वाटते. मोकळे कोणाच्या जिवावर वाटते, ते फलकाच्या तळाशी लिहिलेले असते. तळाची माणसे तक्रार करत नाहीत, व्हिडिओ बनवत नाहीत. ती मुकाट्याने गेम काढून टाकतात. ती गेल्यावर त्यांच्या वरचा थर तळाला येतो, पुढच्या आठवड्यात तो मार खाऊ लागतो आणि निघतो. असे थर सोलत सोलत शेवटी उरतात ते एकमेकांना नावाने ओळखणारे अट्टल. त्या लॉबीत तीन महिन्यांनी एखादा नवा माणूस मित्राच्या आग्रहाने आलाच, तर त्याचे काय होत असेल ते सांगायला नको. 'नवे खेळाडू येत नाहीत' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते : ते येतात, पण एका संध्याकाळपुरते.

मात्र कौशल्याधारित मॅचमेकिंग फार घट्ट केले तर माणूस उलट्या बाजूने कंटाळतो, हेही खरे आहे. प्रत्येक सामना अटीतटीचा झाला तर दमून-भागून अर्धा तास खेळायला बसलेल्याला तो ओव्हरटाइम वाटू लागतो. जुन्या काउंटर-स्ट्राइकच्या काळात यावर वेगळा तोडगा आपोआप निघाला होता. लोक यादीतून एखादा सर्व्हर निवडायचे, रोज तिथेच जायचे, तिथली माणसे ओळखीची व्हायची. मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेत तर लॅनवर शेजारच्या खुर्चीवरचाच प्रतिस्पर्धी असायचा. तिथेही नवखा मार खायचाच, पण मारणाऱ्याला नाव होते, आणि तो दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी शिकवायचाही. आजच्या मॅचमेकिंगने जोड्या चांगल्या लावल्या आणि ओळखी मोडल्या. या मुद्द्यावर माझे सगळेच सहकारी सहमत नाहीत, पण मला हा तोटा मोठा वाटतो.

ओळखीचे महत्त्व किती, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात 'पबजी मोबाइल'वर बंदी आली. २ जुलै २०२१ रोजी तोच गेम बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अॅप स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. दोनदा महिनोन्महिने खंड पडूनही लोक परतले, कारण चौघांचा कंपू शाबूत होता. एकाने निरोप टाकला की बाकीचे तिघे येत होते. दरम्यान, बंदीनंतर देशप्रेमाच्या लाटेवर २६ जानेवारी २०२१ रोजी बंगळुरूच्या एनकोअर गेम्सचा 'फौजी' आला. डाउनलोड झपाट्याने झाले. पण सुरुवातीला त्यात मित्रांबरोबर खेळण्याची सोयच नव्हती, एकट्याने खेळायची गलवान खोऱ्यातली मोहीम तेवढी होती. कंपू घेऊन आलेल्यांना करण्यासारखे तिथे काही नव्हते आणि मानांकन लगोलग घसरले.

प्रस्थापित गेमशी स्पर्धा करताना अडचण येते ती याच कंपूची. माणूस एकटा गेम बदलत नाही. पाच जणांना एकाच आठवड्यात बदलायला लावावे लागते, आणि त्या पाचांपैकी एकाने जुन्या गेममध्ये हजारो रुपयांच्या स्किन (बंदुकांची वा पात्रांची विकत मिळणारी रूपे) घेतलेल्या असतात, दुसऱ्याची रँक वर चढलेली असते. फुकट गेमला निदान 'डाउनलोड तर करून बघ' म्हणता येते. सोनीच्या 'कॉन्कॉर्ड'ला तेही शक्य नव्हते : किंमत ४० डॉलर, प्रकाशन २३ ऑगस्ट २०२४, सर्व्हर बंद ६ सप्टेंबर २०२४, आणि सर्वांना पैसे परत. पीसी गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात एका वेळी त्यावर सातशे माणसेही कधी जमली नाहीत. पात्रांच्या दिसण्यावरून त्या गेमची फार खिल्ली उडवली गेली, परंतु पाच विरुद्ध पाच खेळवायला लागणारी माणसेच जमणार नाहीत अशी किंमत लावून तो उतरवला होता, हा दोष मला मोठा वाटतो. 'टायटनफॉल २'चे उदाहरण आणखी चटका लावणारे आहे. गेम उत्तम, पण २८ ऑक्टोबर २०१६ रोजी तो 'बॅटलफिल्ड १'नंतर आठवड्याने आणि नव्या कॉल ऑफ ड्यूटीच्या आठवडाभर आधी आला. ज्या लोकांनी त्याची रांग भरायची, तेच लोक दोन्ही बाजूंनी ओढले गेले. तोच स्टुडिओ ४ फेब्रुवारी २०१९ रोजी कसलाही गाजावाजा न करता, फुकट, 'एपेक्स लेजेंड्स' घेऊन आला आणि आठवडाभरात अडीच कोटी खेळाडू मिळाले.

एक्सडिफायंटबाबत आणखी एक गोष्ट. पीसीवर तो स्टीमवर नव्हताच, यूबीसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानातून घ्यावा लागे. त्यामुळे वाट चुकून येणारा पाहुणा बंद झाला, आणि खेळाडूंची खरी संख्या कोणाला दिसत नसल्याने अफवांना रान मोकळे मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कॉल ऑफ ड्यूटी, 'ब्लॅक ऑप्स ६', पहिल्याच दिवसापासून गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीसेवेवर आला तेव्हा एक्सबॉक्सवरच्या पुष्कळ खेळाडूंना तोही वेगळे पैसे न मोजता मिळाला, आणि 'आम्ही फुकट आहोत' हा उरलासुरला फायदाही त्यांच्यापुरता गेला.

चीटरांविषयी फार लिहीत नाही, कारण तो धडधडीत दोष सर्वांना दिसतो. भिंतीपलीकडचे दाखवणारे हॅक आणि आपोआप नेम धरणारे एमबॉट फुकट गेममध्ये अधिक, कारण खाते बंद केले तरी नवे उघडायला दोन मिनिटे लागतात. रांग लहान असेल तर एकच चीटर संध्याकाळभर त्याच पन्नास माणसांच्या वाट्याला पुनःपुन्हा येतो, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. लाखोंच्या गेममध्ये तो एकदा भेटून हरवतो.

घसरलेला गेम सावरतो का? सावरतो, पण त्याला वेळ देणारा मालक लागतो. 'रेनबो सिक्स सीज' डिसेंबर २०१५ मध्ये आला तेव्हा सर्व्हर आणि मॅचमेकिंगची रड होती. यूबीसॉफ्टने २०१७ मध्ये नव्या सामग्रीचा एक संपूर्ण सीझन बाजूला ठेवून 'ऑपरेशन हेल्थ' नावाने केवळ दुरुस्त्या केल्या, आणि गेम अनेक वर्षे चालला. 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'लाही ऑगस्ट २०१२ मध्ये जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती; वर्षभराने बंदुकांच्या स्किन आल्या, मग मोठ्या स्पर्धा आल्या आणि लोक जुन्या आवृत्त्यांतून तिकडे सरकले. दोन्ही ठिकाणी मूळ खेळ खोल होता आणि मोड मोजके होते. तीच यूबीसॉफ्ट एक्सडिफायंटला मात्र सात महिन्यांहून अधिक मुदत द्यायला तयार नव्हती. फुकट गेमचे सर्व्हर रोज पैसे खातात, आणि दीड कोटींपैकी खर्च करणारे किती व टिकणारे किती, हे मालकांना आमच्याआधी दिसते.

आपल्याकडचे विकासक हा प्रश्न विचारतात तेव्हा मी त्यांना आधी मोड कापायला सांगतो. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' आणल्यापासून भारतीय शूटर बनवू पाहणारे तरुण संघ वाढताना दिसतात, आणि प्रत्येकाच्या आराखड्यात सहा मोड, तीन रँक-प्रणाली आणि जगभरचे सर्व्हर असतात. त्याऐवजी एक मोड, मुंबईतला एक सर्व्हर आणि रात्री आठ ते बारा ही भरलेली रांग, एवढ्यावर पहिले सहा महिने काढावेत. बाकीच्या वेळी रिकाम्या जागा बॉटने, म्हणजे संगणकाने चालवलेल्या खेळाडूंनी, भराव्यात, पण ते बॉट आहेत हे लपवू नये. 'फोर्टनाइट'पासून बीजीएमआयपर्यंत सगळे बॉट वापरतात, आणि खेळाडू चिडतात ते बॉट असल्यामुळे कमी, ते माणूस म्हणून खपवल्यामुळे जास्त. नवख्याला पंचविसाव्या लेव्हलला ढकलून देण्याऐवजी तो बरोबरीने झुंजू लागेपर्यंत त्याच्याच थरात ठेवावे. आणि दुसरा मोड तेव्हाच उघडावा, जेव्हा पहाटे चार वाजता पहिल्या मोडची रांग एका मिनिटाच्या आत भरत असेल.